केशरच्या गोळ्या

केशरच्या बेंबीजवळ आतडं बाहेर येत होतं. भाकरी थापायला वाकली तरी हाताने पोट दाबून धरावं लागे. बेळगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "ऑपरेशन करू, पण आधी वजन उतरलं पाहिजे. नाहीतर टाके धरणार नाहीत." त्यांनी भूक कमी करणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या, दोन महिन्यांच्या. रोज एक.

तिचा नवरा परशुराम रामनगरात भाताच्या गिरणीवर कामाला होता. रामनगरात त्या गोळ्या मिळत नव्हत्या. बेळगावातही एकाच दुकानात, तेही चिठ्ठी बघून. महिनाभराच्या एका बाटलीला त्याचा अर्धा पगार जाई. तरी पहिली बाटली त्याने आणली. केशरचं तोंड कोरडं पडायचं, रात्री झोप लागेना, पण भूक खरंच गेली. रविवारी गिरणी बंद असली की तो तिला पोती तोलायच्या काट्यावर उभी करी. महिन्यात तीन किलो उतरले.

आषाढात भात येईना, गिरणी निम्मे दिवस बंद. पगारही निम्माच हातात आला. परशुराम बेळगावच्या त्या दुकानाच्या फळीपाशी उभा राहिला. "दहा दिवसांच्या द्या," म्हणाला. दुकानदार म्हणाला, "बाटली फोडत नाही मी." मागे माणसं ताटकळलेली. परशुरामला लाज वाटली, आणि काय सुचलं कुणास ठाऊक, त्याने कॅल्शियमच्या गोळ्या मागितल्या. तशाच पांढऱ्या, गोल. बस यायच्या आधी त्या सोबत आणलेल्या जुन्या बाटलीत ओतल्या.

घरी गेल्यावर सांगू, असं त्याने ठरवलं होतं. पण केशर तांब्या घेऊन वाटच बघत होती. "आवं, मिळाल्या न्हवं?" म्हणत तिने गोळी गिळली आणि त्याच्याकडे असं बघितलं, की तो पाय धुवायला परसात गेला. उद्या सांगू, मनाशी म्हणाला. मग परवा.

एका दुपारी तो अवचित घरी आला. केशर चुलीपाशी बसली होती. मूठभर पोहे तोंडात घालून चावत होती आणि गिळायच्या आधी पदरात थुंकत होती. त्याला बघून ती रडायलाच लागली.

"गोळी खाऊन बी भूक लागती मला. मागल्या महिन्यात न्हवती लागत. आता औषधाला बी दाद देत न्हाई, असलं हावरं पोट माझं!"

परशुराम तिच्याजवळ उकिडवा बसला. "खा की थोडं," एवढंच तो म्हणाला.

"न्हाई. तुमी एवढा पैका घातलाय."

तिने जेवण अर्ध्यावर आणलं. विहिरीवर चक्कर येऊन बसली, तर शेजारच्या तुळजाक्काने तिला हाताला धरून घरी आणलं. महिन्याच्या शेवटी काट्यावर आणखी चार किलो उतरलेले दिसले, आणि त्याला तो आकडा वाचवेना.

दोघं बेळगावला गेली, तेव्हा डॉक्टर खूश झाले. "गोळ्या छान लागू पडल्या," म्हणाले. केशर लाजून म्हणाली, "व्हय, औषध गुणाचं हाय." परशुराम भिंतीकडे बघत राहिला.

परतीच्या बसमध्ये, खानापूर सुटल्यावर, त्याने सांगितलं. दुकान, अर्धा पगार, कॅल्शियम, सगळं. केशर खिडकीबाहेर बघत होती. लोंढा आल्यावर ती त्याच्याकडे वळली.

"पैसं न्हाईत म्हनला असता, तर मी काय मारलं असतं तुमास्नी?"

"लाज वाटली."

"तुमची लाज झाकली. आन् मी महिनाभर सोताला हावरी म्हनत ऱ्हायले. रोज. भूक खरी हुती माझी."

घरी आल्यावर तिने भात शिजवला, ताट भरून घेतलं आणि त्याच्यासमोर सावकाश, शेवटच्या शितापर्यंत जेवली. त्याला वाढलं, पण घे म्हणाली नाही.

दसऱ्यानंतर ऑपरेशन झालं, टाके धरले. केशर कामाला लागली, बोलायलाही लागली, पण पूर्वीसारखी त्याला हाक मारायला तिला बरेच दिवस लागले.

मग एकदा तुळजाक्का आली. "तुझ्याच वयाच्या माझ्या लेकीला त्या गोळ्या हव्यात. नाव सांग की गं." केशरने नाव सांगितलं नाही. ती परशुरामकडे बघत राहिली, आणि चहा टाकायला आत गेली.

परशुराम ओट्यावरून उठून तुळजाक्कासमोर येऊन बसला. "अक्का," तो म्हणाला, "मी एक वंगाळ काम केलंय." आणि त्याने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.