पेनवाल्यानं बोलायचं नाही

गणिताचा तास दिवसाच्या शेवटी ठेवायची अक्कल कुणाची, हे इतक्या वर्षांत मी कुणाला विचारलं नाही. मुलांच्या डोळ्यांवर झापड, माझे पाय सुजलेले, आणि त्यात मुख्याध्यापिकांचं नवं खूळ: मुलांनी गटात बसून गणितं सोडवायची. गट केला की एक सोडवतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात, हे त्यांना सांगून पाहिलं. तुम्ही काढाल काहीतरी तोडगा, म्हणाल्या.

काढला. प्रत्येक गटाला एकच कागद, एकच पेन. पेन ज्याच्या हातात, त्यानं तोंड उघडायचं नाही. बाकीचे सांगतील तेवढंच लिहायचं. म्हणजे एखादा हुशार पोरगा एकटाच भराभर लिहून मोकळा होणार नाही. नियम वाईट नव्हता. घोळ मी पुढे घातला.

खिडकीजवळच्या गटात एक मुलगी होती. वर्गानं तिला 'म्यूट' नाव ठेवलं होतं. 'हजर' याखेरीज तिच्या तोंडून मी काही ऐकलं नव्हतं आणि परीक्षेत ती कशीबशी काठावर पास व्हायची. तिचे वडील येऊन सांगून गेले होते, बाई, झेपत नसेल तर सोप्या गणिताच्या वर्गात टाका. एकदा तिकडे गेलं की परत इकडे येता येत नाही आणि पुढच्या शिक्षणाची निम्मी दारं कायमची बंद होतात. शनिवारपर्यंत मी काय ते कळवायचं होतं.

तिच्याच गटात 'प्रोफेसर' होता. आपल्याला सगळं येतं असा चेहरा, आणि बहुतेक वेळा यायचंही. ही नाहीतरी बोलत नाही, तर पेन हिच्याच हातात द्यावं, निदान हात तरी चालेल, असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर त्यात माझी डोकेदुखी वाचत होती.

शुक्रवारी फळ्यावर गणित लिहिलं. एका नळानं टाकी तीन तासांत भरते, दुसऱ्यानं सहा तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? खिडकीजवळचा कागद सगळ्यांच्या आधी आला. तिच्या सुबक अक्षरात उत्तर होतं, साडेचार तास. प्रोफेसरनं सरळ सरासरी काढली होती आणि गटानं माना डोलावल्या होत्या.

माझं डोकंच फिरलं. वर्ग सुटल्यावर तिला थांबवून घेतलं आणि हे लिहिताना तुला काहीच कसं वाटलं नाही, म्हणून विचारलं. शनिवारी काय कळवायचं ते मनात ठरूनही गेलं होतं.

ती खाली बघत म्हणाली, "साडेचार कसे होतील, बाई? एकटा नळ तीन तासांत भरतो. दुसरा मदतीला आल्यावर उलट जास्त वेळ लागेल का?"

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"पेन माझ्याकडे होतं. पेनवाल्यानं बोलायचं नाही." मग तिनं विचारलं, "सोप्या गणिताच्या वर्गात गट नसतात ना? मी जाते तिकडे."

जिला बोलतं करायचं तिच्याच तोंडाला मी कुलूप घातलं होतं, आणि तिनं बिचारीनं ते निमूटपणे सोसलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. उद्या ये, एवढंच म्हणाले.

शनिवारी पेन प्रोफेसरला दिलं. गणित तेच. तो ओठ घट्ट मिटून असा बसला जसं काही पोटात दुखतंय. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कुणीच बोलेना. सांगून टाकायला माझी जीभ वळवळत होती. शिकवण्यापेक्षा गप्प बसण्यानंच माणूस जास्त थकतं.

शेवटी ती बाकाकडे बघत पुटपुटली. तासाभरात पहिला नळ टाकीचा तिसरा भाग भरतो, दुसरा सहावा. मिळून अर्धी टाकी. म्हणजे दोन तास. प्रोफेसर लिहिता लिहिता थांबला.

"थांब," तो म्हणाला. "परत सांग."

पेनवाला बोलला होता. मी ओरडायला हवं होतं. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पोरांना दिसू द्यायचं नव्हतं. मागे ती परत सांगायला लागली. या वेळी बाकाला नाही, त्याला.

वर्ग सुटल्यावर ती टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, सोमवारी पेन कुणाकडे?"

"तुझ्याकडे नाही," मी म्हटलं.