गाडी न्यूट्रलमध्ये कोण ठेवतं?

बुधवारी सकाळी शाळेत शिकवायला जायला मी गाडीत बसले, क्लच दाबला, गिअरच्या दांड्याला हात लावला, तर दांडा मोकळा. गाडी न्यूट्रलमध्ये. आदल्या संध्याकाळी मी ती माझ्या हातांनी फर्स्टमध्ये टाकली होती. आठवड्यातली ही तिसरी खेप.

कुणाला वाटेल, एवढ्यात काय बिघडलं? आमच्या साईनगरातल्या घराचं अंगण पाहिलं की कळेल. रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा दीड फूट वर गेला आणि आमचं अंगण उताराचं झालं. गाडी आत येते ती थेट भिंतीकडे तोंड करून. म्हणून सासऱ्यांचा नियम : हँडब्रेक म्हणजे शेवटी एक तार, तिचा भरवसा नाही, गाडी फर्स्टमध्ये टाकायची आणि चाकाला दगड लावायचा. शेषराव माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, एकतीस वर्षं एस.टी.चे ड्रायव्हर, एकही अपघात नाही. बेचाळिसाव्या वर्षी मला गाडी त्यांनीच शिकवली. नवऱ्याने, नितेशने, "तुझं काम नाही ते" म्हणून हात झटकले होते.

किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. नितेश नोकरीला अकोल्यात, शनिवारी येतो. म्हणजे घरात मी आणि बाबा. नियम बाबांचाच, तेव्हा तो ते कशाला मोडतील? मग मीच विसरते की काय? माझं डोकं चालेना. मंगळवारी मी गाडी लावल्यावर गिअरचा चक्क मोबाइलवर फोटो काढून ठेवला. बुधवारी सकाळी ताडून पाहिलं. फोटोत फर्स्ट, समोर न्यूट्रल. शिवाय गाडी होती तिथून दोन फूट मागे, दगडही तिच्यासोबत सरकलेला, आणि बॉनेटवरच्या धुळीत दोन पंजे. पंजे मी शेजारच्या पोरांच्या नावावर टाकले आणि त्यांच्या आईला दोन शब्द ऐकवूनही आले. तापट आहे मी, लपवत नाही.

बाबांना विचारलं तर म्हणाले, त्यांना काय माहीत, आणि पेपरचं पान उलटलं.

शेवटी नितेशला फोन केला. त्याने माझं निम्मंच ऐकलं आणि भाजीबाजाराची आठवण काढली. मागच्या महिन्यात बाबा गाडी घेऊन बाजारात गेले होते. गुडघा आखडला म्हणून गाडी मीच रस्त्यावर काढून दिली होती. हल्ली ते नेहमीच तसं सांगायचे. दोन तासांनी आले ते पायी, घामाने निथळत. पिशवीत वांगी, सांबाराची जुडी सगळं बरोबर, किल्ली खिशात, गाडी नाही. गाडी कुठे, विचारलं तर म्हणाले, "विसरलो." शनिवार होता, नितेश घरीच होता, त्याने जाऊन आणली. शिवाय दर गुरुवारी मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला जायचा वर्षानुवर्षांचा नेम, तोही त्यांनी काही न सांगता बंद केला होता.

नितेशच्या मते हिशेब सरळ होता, बाबांचं डोकं उतरणीला लागलं. अकोल्यातल्या मेंदूच्या डॉक्टरकडे गुरुवारी अकराची वेळ त्याने घेऊनही टाकली. डॉक्टरने एकदा दुजोरा दिला, की मग बाबांचं गाडी चालवणं कायमचं बंद, लायसन्स कपाटात. आणि तोवर मी किल्ली लपवायची.

फोन ठेवला आणि मला रडू आलं. या माणसाच्या हातून स्टिअरिंग काढून घ्यायचं म्हणजे मागे काय उरतं? सहा महिन्यांपूर्वी जुनी गाडी देऊन ही सेकंडहँड घेतली, तेव्हा पूजेच्या दिवशी हेच बाबा किती हौसेने पहिली चक्कर मारायला बसले होते. गाडी एकदम पुढे उसळून पूजेच्या ताटावर चढली. मी सगळ्यांसमोर त्यांची फिरकी घेतली, अख्खं अंगण हसलं, बाबाही हसले आणि उतरून किल्ली माझ्या हातात दिली. तेही या आजाराचंच पहिलं लक्षण होतं की काय, असं आता वाटू लागलं. किल्ली लपवायला मात्र माझा हात धजला नाही. ती खिळ्यावरच राहिली. बाबांना मी गुरुवारी अकोल्याला जायचंय एवढंच सांगितलं.

गुरुवारी सहाला फाटकाची कडी वाजली. खिडकीतून पाहिलं. बाबा, अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्यावर भगवी टोपी, भिंत न् गाडी यांच्या मधे उभे राहून दोन्ही हातांनी बॉनेट ढकलत होते. गाडी वीतभर मागे चढली की पायाने दगड चाकाखाली सरकवायचे, दम घ्यायचे, पुन्हा ढकलायचे. मी अनवाणी धावले. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचा लाल झालेला चेहरा पाहून शब्द आत गेले.

"बाबा, काय करून राहिले?"

"ढकलून राहिलो. मोझरीले जाऊन येतो म्हटलं, अकोल्याच्या आंधी."

"मंग गाडी सुरू काहून नाही करत?"

ते बराच वेळ टोपी सारखी करत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "रिव्हर्स लागत नाही मले हिचा."

मला काही कळेना. एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला रिव्हर्स लागत नाही? मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जुन्या गाडीचा रिव्हर्स उजवीकडे खाली होता. हिच्यात तिथे काहीच नाही. डावीकडे वर ढकलला की फर्स्ट पडतो. मुठीवरची खूण आधीच्या मालकाच्या हाताने पुसून गेलेली. बाजारात एक टेम्पो पुढ्यात येऊन उभा राहिला. बाबांनी दोनदा रिव्हर्स टाकला, गाडी दोनदा पुढेच गेली, टेम्पोवाला अंगावर आला. तेव्हा गाडी तिथेच लावून ते चालत आले. घरी या आठवड्यात तीनदा ढकलून पाहिली. माझ्या खोलीचा दिवा लागला की तशीच न्यूट्रलमध्ये सोडून आत पळायचे.

"पण विसरलो काहून सांगितलं? नितेश तुमाले डॉक्टरकडे नेऊन राहिला."

"विसरलो म्हटलं का लोकं मायेनं जेवले का म्हणून पुसतात. रिव्हर्स येत नाही म्हटलं का हासतात."

"कोण हासते तुमाले?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पूजेच्या दिवशी तूच म्हणाली होती ना बाई, 'बाबा, एस.टी. अशीच चालवत होते का तुमी?' तवाही मी रिव्हर्सच पाहून राहिलो होतो."

मला आठवलं. वाक्यच नव्हे, ते म्हणताना मी सगळ्यांकडे कशी बघत होते, तेही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकलं माझं, असं मी म्हणाले, तर त्यांनी हात हलवून ते उडवून लावलं.

त्यांना चाकामागे बसवलं आणि मी शेजारी बसले. दांड्याच्या मुठीखाली एक कडी असते, ती बोटांनी वर ओढून धरायची आणि मग डावीकडे वर. बाबांनी कडी ओढली. दांडा बसला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मान वळवली आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा ठेवून गाडी एका दमात सिमेंटच्या रस्त्यावर चढवली. इंजिनाने साधी कुरकुरही केली नाही.

तेवढ्यात नितेशचा फोन. निघालो का, किल्ली माझ्याकडेच आहे ना, रात्री बाबा आणखी काय विसरले, सगळं एका श्वासात. बाबांनी हात जोडले आणि हळूच म्हणाले, "रिव्हर्सचं नको सांगू त्याले."

"अवो, डॉक्टरले नाही म्हणा," मी फोनवर म्हणाले. "बाबा काहीच विसरत नाहीत. सहा महिन्यांमागं मी बोलले ते त्याईले शब्दन् शब्द पाठ आहे."

पलीकडे नितेश काय, काय विचारत राहिला. मी फोन बंद केला. बाबांनी फर्स्ट टाकला आणि गाडी मोझरीच्या रस्त्याला घेतली.