नगरसेविकेचा कफील

सौदीतल्या यान्बूच्या एका कारखान्यात फोरमन असलेला तौकीर जेवणाच्या सुट्टीत कोकणातली नगरपंचायत चालवायचा. गावातला त्याचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा त्याने बायकोला, नूरैनला, उभं केलं. ती निवडूनही आली. दारावरच्या पाटीवर नाव तिचं लागलं, पण सभेत हात कधी वर करायचा ते यान्बूहून फोनवर ठरायचं. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. तौकीरला तर मुळीच नाही.

अशात मासळीबाजाराचा ठराव आला. एसटी स्टँडजवळ बसणाऱ्या कोळणींना उठवून जेटीमागच्या मोकळ्या जागेत हलवायचं. स्टँडसमोर तौकीरचा बालमित्र यूनुस नवं हॉटेल काढत होता. त्याला दारात मासळीचा वास नको होता, आणि तौकीरने त्याला शब्द दिला होता.

"मी ती जागा बघून आले," नूरैन फोनवर म्हणाली. "भरतीला तिथे घोटाभर पाणी चढतं. गिऱ्हाईक फिरकेल का?"

"तुला कुणी बघायला सांगितलं? ठरावाला हात वर कर, खलास!"

दुसऱ्या दिवशी नूरैनने हात वर केला, तो विरोधात. एका मताने ठराव पडला!

लगेच यूनुसचा फोन. "अरे, घरातच तुझं चालत नाही, तर गावात काय चालणार?"

तौकीरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नूरैनला राजीनामाच द्यायला लावायचा, असं ठरवून तो जुम्म्याच्या नमाजानंतर मेसमध्ये आला. तिथे हुसेनमियाँ जेवत होते. दापोलीकडचे, यान्बूतच केस पिकलेले. आमटीत भात कालवत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कंपनीने आपला राहायचा कॅम्प हलवला तेव्हा तू एवढा का ओरडत होतास?" त्यांनी विचारलं.

"ओरडणार नाही, चाचा? रियाधच्या ऑफिसात बसून ठरवलं! इथे नळाला खारं पाणी येतं, हे कुणी येऊन बघितलं?"

"मग जेटीमागची जागा तू बघितलीस?"

तौकीर ताटात भात वाढून घेऊ लागला.

"नूरैनने बघितली. लोकांनी मतंही तिलाच दिली. तू तिचा नवरा आहेस की कफील?"

कफील! ज्याच्या सहीशिवाय इथे आपलं पान हलत नाही, तो मालक. तौकीर ताटावरून उठूनच गेला. पुढे काही दिवस त्याने घरी फोन केला नाही. केला तेव्हा राजीनाम्याचंच बोलायचं होतं, पण तोंडून भलतंच निघालं.

"पाणी खरंच घोटाभर चढतं?"

"उधाणाला तर गुडघ्यापर्यंत," नूरैन म्हणाली. "तुम्ही रागावलात ना?"

"रागावलो होतो. पण यूनुसला शब्द मी दिला होता, तू नाही. त्याचं मी बघतो."

मग ती हळूच म्हणाली, "सोमवारी सभा आहे. गटारांचा विषय आहे. काय करू?"

"तू गटारं बघितलीस?"

"बघितली."

"मग मला कशाला विचारतेस?"

यूनुसने तौकीरशी बोलणं टाकलं, ते आजही सुरू झालेलं नाही. कोळणी स्टँडजवळच बसतात आणि शेड हवी म्हणून नूरैनशी कडाकडा भांडतात.

बंधुभगिनींनो, दारावरची पाटी बदलली म्हणून कारभार बदलत नाही. जिला आपण निवडून दिलं, तिचा निर्णय दुसराच कुणी घेत नाही ना, हे आपल्यालाच पाहावं लागेल. खुर्ची तिची असेल, तर मतही तिचंच असू द्या!