तुंब्यातली नागली

पाटी चांगलीच जड होती. सुरगाण्याहून निघालेल्या जीपमध्ये तृप्तीने ती मांडीवर आडवी धरली होती, आणि प्रत्येक वळणाला पाटीचा कोपरा शेजारच्या बाईच्या बरगडीत घुसत होता. पाटीवर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: पर्यावरणस्नेही निवास.

शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका लहानशा संस्थेत तृप्ती काम करायची. खेड्यांत ज्यांनी पर्यटकांसाठी आपली घरं उघडली, त्यांना पाणी, कचरा, सरपण यांचा मेळ कसा घालायचा ते शिकवायचं आणि बेचाळीस मुद्द्यांच्या तक्त्यात त्याची नोंद ठेवायची. सात घरांपैकी बेचाळीसच्या बेचाळीस मुद्दे पूर्ण करणारं घर एकच निघालं, करंजपाड्याच्या कुसाबाईचं. मे महिन्यात तपासणी समिती येऊन गेली. आता डिसेंबरात पाटी तयार झाली होती.

कुसाबाईचा मुलगा सोमनाथ पर्यटकांच्या तीन खोल्या सांभाळायचा. त्याने पाटी उतरवून घेतली. ओट्यावर त्याचे वडील सावळीराम बांबू सोलत बसले होते. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"हिला काठ नाय," ते म्हणाले. "काठ असता तर वरई तरी वाळवली असती."

"बाबा, भिंतीला लावायची हाय ती."

"भिंत काय खाती का?"

तृप्ती हसली, पण तिचं लक्ष दाराकडे होतं. एरवी जीपचा आवाज आला की कुसाबाई तांब्या घेऊन बाहेर यायची. आज पाणी निकिताने आणलं, सोमनाथच्या धाकट्या बहिणीने, आणि तांब्या ठेवून ती आत वळली.

"निकिताचं लग्न माघात ना?" तृप्तीने विचारलं.

"हा," सोमनाथ म्हणाला आणि खिळे शोधायला उठला.

तृप्ती आत गेली. कुसाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिच्या डोक्यावर, आढ्याला, धुराने काळा झालेला तुंबा टांगलेला होता. वाळवलेला पोकळ भोपळा, तोंडाला चिंधीचा बोळा. पहिल्या भेटीत तृप्तीने त्याचा फोटो काढला होता. या घरची काळसर, उशिरा पिकणारी नागली, म्हणजे नाचणी, त्यात असायची, फक्त बियाण्यापुरती. कुसाबाईने ती लग्नात माहेराहून पदरात आणली होती. तिच्या आईनेही तशीच आणली होती. मुलगी सासरी निघाली की आई तुंब्यातली ओंजळभर तिच्या पदरात बांधायची. आजूबाजूच्या पाड्यांनी कधीच दुकानचं बी धरलं होतं, कुसाबाईने धरलं नव्हतं.

आज तुंब्याला बोळा नव्हता.

"मावशी, बी काढलं वाटतं? निकितासाठी?"

कुसाबाईने भाकरी उलटली. "बस, बाय. आधी जेव."

"कुठलं बी?" निकिता दारातून म्हणाली. "इचारा ना मॅडम, कुठलं बी?"

"निकिता."

"इचारू दे की. सगळं इचारत्यात, मग हे बी इचारू दे. राब भाजू नका म्हणलात ना तुमी?"

राबाचा मुद्दा तक्त्यात अठ्ठाविसावा होता. उन्हाळ्यात फांद्या, पाला आणि शेण रानात रचून भाजायचं आणि पावसाच्या तोंडाला त्या राखेत नागलीची रोपं टाकायची, ही इथली रीत. तक्ता म्हणायचा, उघड्यावर जाळणं बंद. झाडं ओरबाडू नका, त्याऐवजी कंपोस्ट घाला, असं तृप्तीनेच याच चुलीपाशी बसून समजावलं होतं. राब नाय भाजला तर गवत माजंल, असं सावळीराम म्हणाले होते. खत नीट कुजलं असेल तर नाही माजणार, असं तिने उत्तर दिलं होतं. ते खरंही होतं. पण थंडीत भरलेला कंपोस्टचा खड्डा मेपर्यंत गवताचं बी मरण्याइतका आतून तापला की नाही, हे तिने मोजलं नव्हतं. थर्मामीटर तिच्या पिशवीत होता. समितीच्या गडबडीत राहून गेलं.

"जुलैत नुसतं गवत," निकिता म्हणाली. "दोन मुठी रोपं हाती लागली. ती लावली, त्याच्यावर गणपतीत करपा पडला. कणसं धरली ती सगळी पोचट. एक दाणा नाय."

सोमनाथने फोनवर सांगितलं होतं, यंदा नागली कमी झाली मॅडम. तृप्तीने वहीत 'उत्पादन कमी' असं टिपून ठेवलं होतं.

"पण मागची असेल ना?" ती म्हणाली. "नागली दहा वर्षं टिकते. तुमची कणगी भरलेली होती, मी पाहिली होती."

"पाहिलीत," निकिता म्हणाली, "आन मंग पाहुण्यांना आपल्याच शेतातलं वाढायचं, असं पण तुमीच लिवलंत. मागल्या सालच्या दिवाळीपासून पाहुणेच पाहुणे. लय भारी, लय भारी करत खाल्ली सगळ्यांनी."

"पण तुंब्यातली तरी..."

"निकिता, पाणी आण जा," कुसाबाई म्हणाली.

निकिता हलली नाही. "तुमची समिती आली तवा कणगीला तळ लागलेला. दादा म्हणला, सुरगाण्याहून पीठ आणतो, कोणाला कळतंय. आई म्हणली, बायनं कागदावर आपल्या शेतातलं लिवलंय, बायचा कागद खोटा पडंल. आन तुंबा उतरवला. निम्मा दळला, निम्मा पेरला."

तृप्तीला ते जेवण लख्ख आठवलं. समितीचे चौघे आणि ती. गरम भाकरी, खुरसणीची चटणी. भाकरीला किंचित धुराचा वास होता. तो तव्याचा असेल असं तिला वाटलं होतं. दोन खाऊन झाल्यावर तिने हसत हात पुढे केला होता, "मावशी, अजून एक." कुसाबाईने लगेच वाढली होती.

"एका शब्दाने तरी सांगायचं होतंत, मावशी."

"काय बोलू? पानावर बसलेल्याला सरली म्हणू?"

"मी शोधते. विद्यापीठाच्या संग्रहात जुनी वाणं असतात. पेठकडे काही लोक..."

"मी फिरले, बाय." कुसाबाईचा आवाज चढला नाही. "माहेरी गेले, बहिणीकडं गेले, पाच पाडे फिरले. भावजय म्हणली, ते काळं व्हय? ते कवाच सोडलं, आई होती तवा होतं."

"थोडी तरी मागे ठेवायची होतीत. चार दाणे."

कुसाबाईने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तू म्हणलीस, असं केलं तरी येतं. मंग मागं ठेवली असती म्हंजे तुझ्यावर इस्वास नाय असं झालं असतं ना."

बाहेर सोमनाथ खिळा ठोकू लागला. प्रत्येक ठोक्याला कुडाची भिंत हादरत होती आणि आढ्याचा तुंबा हलकेच डोलत होता. भरलेला असता तर असा डोलला नसता.

"मी सांगितलं म्हणून झालं हे," ती शेवटी म्हणाली.

"हा," कुसाबाई म्हणाली. त्यात राग नव्हता. पाणी कुठून येतं ते सांगावं, तसं म्हणाली.

"निकिताच्या पदरात आता..."

"तांदूळ बांधीन. सगळी बांधत्यात."

निकिता दारातून निघून गेली. मागच्या अंगणात तिने हंडा आपटल्याचा आवाज आला.

कुसाबाईने ताट वाढलं. भाकरी ठेवता ठेवता तिचा हात थांबला. "आज बाजारचं पीठ हाय. आदुगर तुझ्या कागदावर लिव."

"राहू दे, मावशी."

"का राहू दे? मे मधी खरं होतं, तवा खरं लिवलंस. आज हे खरं हाय."

"मॅडम," बाहेरून सोमनाथची हाक आली, "सरळ लागली का बघा!"

तृप्तीने पिशवीतून तक्ता काढला. मुद्दा एकतिसावा: पाहुण्यांना घरच्या शेतातलं धान्य. समोर तिच्याच अक्षरात 'होय', खाली मे महिन्यातली तारीख. तिने त्यावर एक रेघ मारली आणि पुढे लिहिलं, 'नाही'. आता बेचाळीस भरत नव्हते.

कुसाबाईला वाचता येत नव्हतं. तरी ती पेन थांबेपर्यंत भाकरी हातात धरून बसली होती.

"लिवलं?"

"लिहिलं."

"मंग जेव आता," असं म्हणून तिने भाकरी ताटात ठेवली.