निव्वळ पाला

मोरोपंतांचा झाडपाल्यावर काडीचा विश्वास नव्हता. धारच्या दवाखान्यात पू-लघवी तपासायचं त्यांचं काम. इंदूरला शिकून आलेले, त्यामुळे नाक जरा वरच. पण बायकोच्या, सुभद्राच्या, पाठीवरची काळपुळी पेनिसिलिनच्या पंधरा सुयांनाही दाद देईना, तेव्हा ते नाक मुकाट्यानं नालछ्याच्या रस्त्याला लागलं.

नालछ्यात माई राहायची. सासऱ्यापासून चालत आलेला गळवांवरचा पाला तिच्याकडे होता. कोणता, ते विचारायचं नाही. नाव फुटलं की गुण गेला, असा त्या घरचा नेम. माईनं पाला वाटून गोळा दिला. पंत पडले संशयी! आधी काचेच्या बशीत सुभद्राच्या पुवातले जंतू वाढवले, एका बाजूला पेनिसिलिन टाकलं, दुसऱ्या बाजूला पाल्याचा रस. पेनिसिलिनच्या बाजूला जंतू खुशाल वाढले. रसाभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ. "च्यायला!" एवढंच पंत म्हणाले अन् घरी धावले.

चार दिवसांत ताप उतरला, पू आटला. पंत लुगडं-चोळी घेऊन नालछ्याला गेले, माईच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारी विरघळली. "आता तुम्ही परके नाही हो, भिया," म्हणाली आणि तिनं नवा गोळा दिला.

त्या नव्या गोळ्यावर तीन दिवसांत जखम पुन्हा पुवानं भरली, सुभद्रा तापात बरळू लागली. दुसरा कुणी कपाळ बडवत बसला असता. पंतांनी जुन्या गोळ्याची खरवड आणि नवा गोळा दोन्ही बशीत घातले. दुसऱ्या दिवशी जुन्याभोवती वर्तुळ, नव्याभोवती ठणठणगोपाळ.

पहिल्या मोटारीनं ते नालछ्याला उतरले. "माई, या खेपेला काय वगळलंत?"

माई दुखावली. "वगळेन कशाला? या खेपेला तर निव्वळ पाला दिला. परक्यांना देताना सीताफळीचा मिसळते मी, कुणी ओळखू नये म्हणून. घरच्या माणसाला भेसळ कशी देऊ?"

पंत तसेच उठले आणि रस्त्याकडेच्या सीताफळीला भिडले. त्याच पाल्यानं सुभद्रा पुढे वाचली, हे आताच सांगून टाकतो. उगाच जीव टांगणीला नको. माई मागोमाग आली, तिला पंतांनी बशीतला सगळा प्रकार सांगितला. लपवावं हे त्या गृहस्थाला सुचलंच नाही. "गुण सीताफळीचा, माई. तुमच्या पाल्यात काही नाही."

माईही पानं तोडू लागली. "जून घ्या," म्हणाली, "मी जूनच घालते." उपरणं भरलं, गाठ मारून झाली. मोटारवाला भोंगा वाजवत होता.

"माझी दुर्गा अशाच गळवानं गेली, पंत," माई म्हणाली. "पोटची पोर. तिला मी महिनाभर निव्वळच देत होते."