चौकातलं चाक

कुलूपवाल्याने उकिडवं बसून फरशीच्या फटीत खिळा घातला. काल तो अर्ध्यावर अडला होता. आज डोक्यापर्यंत आत गेला.

त्याने खिळा काढला, विजारीला पुसला आणि पुन्हा घातला. पुन्हा डोक्यापर्यंत. मग त्याने मनाची समजूत घातली, की कालचा खिळा जाड असेल. घरचंच खिळ्या-कुलपांचं दुकान. काल खिशात कोणता खिळा होता हे आज कोण सांगणार?

"काय पडलं का हो, शेठ?" वरून आवाज आला.

चाकाच्या आऱ्यावर पाय रोवून फिटर वंगण घालत होता. कुलूपवाला गडबडीने उठला, तेव्हा त्याचे गुडघे खिळ्यापेक्षा जास्त वाजले.

"किल्ली पडली."

"कुलूपवाल्याचीच किल्ली हरवायला लागली, तर आम्ही कुणाकडे जायचं?" फिटर हसला आणि पुन्हा कामाला लागला.

कुलूपवाल्याने मान वर केली. जुन्या बाजारपेठेच्या मधोमध, जिथे पूर्वी कारंजं होतं तिथे, लोखंडी चाक उभं होतं. त्याला चौफेर रंगीत पाळणे टांगले होते आणि प्रत्येक पाळण्यावर एकेका दुकानाचं नाव होतं. आज सकाळी ते सगळ्यांसाठी खुलं होणार होतं. कल्पना त्याचीच. हमरस्त्यावर मॉल झाल्यापासून बाजारपेठेला अशी अवकळा आली होती, की दुपारी एकाने शटर वर केलं तर आवाज पार दुसऱ्या टोकाला जायचा. मध्ये अडवायला माणूसच नसायचं. तेव्हा व्यापारी मंडळाच्या बैठकीत तोच म्हणाला होता, "माणसं माल बघून येत नाहीत. मूल ओढेल तिथे आईबाप जातात आणि पाकीट त्यांच्याबरोबर येतं. मुलाला ओढणारं काहीतरी आणा." मंडळाने चाक आणलं. नगरपालिकेने चौक दिला. लोक कुलूपवाल्याला रस्त्यात थांबवून नमस्कार करू लागले, आणि त्यालाही ते आवडायला लागलं होतं.

गोम होती ती वजनाच्या चाचणीत.

फिटरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "लोखंडाची मला काळजी नाही, ते मी ओळखतो. काळजी जमिनीची आहे. कारंज्याखाली जुनी टाकी होती म्हणता, ती कुणी कशाने बुजवली देवाला ठाऊक. भरलेल्या पाळण्यांनी चाक फिरवल्याशिवाय जमीन तोंड उघडत नाही."

वाळूची पोती भाड्याने आणायची ठरत होती, एवढ्यात मंडळाचा अध्यक्ष, रंगाच्या दुकानाचा मालक, उठून उभा राहिला. "एवढी दुकानं असताना वाळू कशाला? ज्याने त्याने आपापल्या पाळण्यात आपला माल ठेवायचा. वजनाचं वजन, जाहिरातीची जाहिरात!" टाळ्या पडल्या. दुकानदारांनी मोठ्या हौसेने आपल्या हातांनी माल चढवला. तपासणीसाठी आलेल्या साहेबांनी खोक्यांवर छापलेली वजनं खालूनच वाचली, चाक दुपारभर निमूट फिरलं, आणि कागदावर सही झाली.

कुलूपवाल्याने खिळ्यांच्या पेट्या ठेवल्या होत्या. वर खिळ्यांचा एक थर, खाली नुसता पुठ्ठा आणि भुसा. त्यात लबाडी होती असं त्याला तेव्हा वाटलं नव्हतं. पेट्या रात्रभर उघड्यावर राहणार. दव पडलं की खिळे गंजणार. शिवाय भरली पेटी उचलायची तर कंबर कुणाची मोडणार? एवढ्या पाळण्यांत एक पाळणा हलका राहिला म्हणून काय बिघडतं, बाकीच्यांचं वजन आहेच की. व्यापारी माणूस हातचं राखूनच देतो. त्या रात्री तो छान झोपला होता. झोप उडाली ती दोन दिवसांनी, नात म्हणाली तेव्हा.

"आजोबा, पहिल्या फेरीत मी आपल्या पाळण्यात. एकटी!"

तिला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी उभी राहिलेली ती कुणी पाहिली नव्हती.

आता ती बापाचं बोट सोडून धावत चौकात शिरली. मागून मुलगा आणि सून. चौक भरत चालला होता. कितीतरी वर्षांनी कुलूपवाल्याला समोरच्या फुटपाथवर जाण्यासाठी माणसांना "जरा सरका" म्हणावं लागलं, आणि एरवी त्याला त्या दोन शब्दांचाच केवढा आनंद झाला असता. खांद्यावर पोरं घेतलेले बाप होते, ढकलगाड्या घेऊन आलेल्या आया होत्या. भांड्यांच्या दुकानातल्या काकू दारात उभ्या राहून गर्दीकडे अशा बघत होत्या, जणू दूरचे नातेवाईक ओळखू येतात का ते पाहतायत.

अध्यक्षाने ध्वनिवर्धक हातात घेतला. "पहिली फेरी आमच्या व्यापारी बांधवांच्या मुला-नातवंडांची! आमचा विश्वास आहे, मग तुमचाही बसेल!"

हेही बैठकीतच ठरलेलं होतं. कुलूपवाल्याने अनुमोदन दिलं होतं.

तो अध्यक्षाच्या जवळ सरकला. त्याच्या मनात होतं की याला बाजूला घ्यावं, कानात सांगावं, आणि हा म्हणेल, 'अहो, तुमच्या एका पाळण्याने काय होतंय? माझे डबे होते की भरलेले.' एवढंच ऐकायचं होतं त्याला.

"तुमचा नातू कुठे दिसत नाही?" त्याने सुरुवात केली.

"तो?" अध्यक्षाने ध्वनिवर्धकाची तार उगाचच गुंडाळली. "सूनबाई नको म्हणाल्या. त्यांना उंचावर चक्कर येते."

"सुनेला ना?"

"नातवालाही येते. घराण्यातच आहे."

कुलूपवाला भांडीवाल्या काकूंकडे वळला. काकूंनी दोन्ही जुळ्या नातींची मनगटं घट्ट धरली होती, आणि पोरी सुटायला बघत होत्या.

"काय काकू, रांगेत नाही का सोडायच्या?"

"त्यांची परीक्षा आहे."

"आज रविवार आहे."

"तोंडी आहे. घरीच घेते," काकू म्हणाल्या, आणि त्यांची नजर चाकाच्या पायापाशी, अगदी त्या फटीपाशी जाऊन परत आली.

कुलूपवाला बाकीची पोरं शोधू लागला. चपलांच्या दुकानदाराची मुलगी सकाळीच मामाकडे गेली होती. घड्याळवाल्याच्या पोराला अचानक कान दुखत होता. भिंगरी सोडली तर रांगेत दुकानदारांची म्हणून पोरं होती ती फक्त गादीवाल्याची, सगळी एकजात गुबगुबीत, आणि त्यांच्यामागे स्वतः गादीवाला पोटावर हात ठेवून निवांत उभा. चाचणीच्या दिवशी तो म्हणाला होता, "कापसाचं कसलं आलंय वजन?" आणि मेहुण्यांना घेऊन स्वतःच पाळण्यात बसला होता. सगळा बाजार हसला होता. गादीवाला मालाऐवजी मेहुणे खपवतोय म्हणून कुलूपवाल्यानेच विनोद केला होता.

म्हणजे त्या दुपारी एवढ्या मोठ्या चाकात खरं वजन एकाच पाळण्याला होतं. अध्यक्षाचे डबे काचेच्या कपाटातले, शोभेचे असणार. काकूंच्या हंड्यांत पाणी भरलंय, असं काकूच म्हणाल्या होत्या. झाकण कुणी उघडलं होतं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे तर भर दिवसा सगळ्या चौकात चांदणं पडलं होतं.

गादीवाल्याच्या पोरांमागे लोकांची मुलं रांगेत सरकू लागली. कुणाची कोण, नावंही माहीत नसलेली. भिंगरी तर केव्हाच पुढे पोचली होती. 'कुलूप-किल्ली भांडार' लिहिलेल्या पाळण्यात बसून ती पाय हलवत होती, आणि फिटर पुढचा दांडा लावायला वाकला होता.

बोललो तर काय होईल, याचा हिशेब कुलूपवाल्याच्या डोक्यात आपसूक सुरू झाला. चाक जाईल. गर्दी जाईल, ती कायमची. उद्यापासून प्रत्येक शटरवर लोक बोट दाखवून म्हणतील, यांच्या मापात पाप. हा हिशेब त्याने जन्मभर केला होता, त्यामुळे तो भराभर पुढे गेला; आणि दांडा खटकन बसला, त्या आवाजाशी येऊन थांबला.

"थांबा!"

आपण पळतोय हे त्याला पाळण्याशी पोचल्यावर कळलं. त्याने दांडा वर केला आणि भिंगरीला काखेत धरून खाली उतरवलं. ती एवढी हलकी लागली, की त्याचा तोलच गेला.

"आजोबा! माझा नंबर आहे!"

सगळा चौक त्याच्याकडे बघत होता. अध्यक्ष धावत आला. कुलूपवाल्याने त्याच्या हातातून ध्वनिवर्धक घेतला. घशात शब्द बरेच जमले होते, पण बाहेर आले ते वेगळेच.

"बेत थोडा बदललाय. पहिली फेरी दुकानदारांची. फक्त दुकानदारांची. प्रत्येकाने आपला माल सोबत घेऊन बसायचं."

लोक हसले. कुणीतरी शिट्टी मारली. काय झोकात उद्घाटन करतायत, असं त्यांना वाटलं. कुलूपवाल्याने ध्वनिवर्धक बाजूला धरला आणि अध्यक्षाला म्हणाला, "या वेळी भरलेले डबे आणा."

अध्यक्षाने त्याच्याकडे पाहिलं. तुम्हाला कसं कळलं, असं त्याने विचारलं नाही. रुमालाने मान पुसत तो दुकानाकडे वळला. काकूंनी नातींची मनगटं सोडली, पदर खोचला आणि आत जाऊन मोठमोठ्याने कुणाला तरी हाका मारू लागल्या, "पितळेचे काढा रे! नाही, वरचे नाही, माळ्यावरचे जड!"

कुलूपवाल्याने पेटी दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत ओढत आणली. पुढे ती हलेना. फिटर आला, त्याने एका बाजूची कडी धरली आणि सहज उचलायला गेला. त्याचा खांदा खाली ओढला गेला. तो तसाच वाकलेला राहिला.

"शेठ," तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी तर अशा पेट्या तुम्ही एकट्याने चढवल्या होत्या."

फिटरने चौकात नजर फिरवली. अध्यक्ष एकेक डबा दोन हातांनी छातीशी धरून, धापा टाकत येत होता. हंड्याखाली दोन माणसं वाकली होती. फिटरच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे गेलं ते कळलंच नाही. त्याने पेटी खाली ठेवली, रांगेपाशी गेला आणि सगळ्या पोरांना, बापांना, ढकलगाड्यांना चौकाच्या पार पलीकडे, घड्याळाच्या दुकानाच्या भिंतीपर्यंत मागे नेलं.

"आणखी मागे," तो म्हणत होता. "आणखी."

परत आल्यावर त्याने पेटीची कडी पुन्हा धरली. "जमीन जरा जरी हलली तरी मी तिथल्या तिथे चाक थांबवीन. खाली कसं आणायचं ते मग बघू. चालेल?"

"चालेल," कुलूपवाला म्हणाला. त्याने खिशातून खिळा काढून त्याला दिला. "त्या फटीत घालून बघत राहा. काल अर्ध्यावर होता."

"आणि आज?"

"तूच बघ."

पाळणे एकेक करून भरले. गादीवालाही मेहुण्यांसह आला. "मला कशाला परत?" म्हणत कुरकुरला, पण बसला. दांडे खटखट लागले. घरघर सुरू झाली, आणि कुलूपवाल्याच्या पायांखालून फरशी गेली. गुडघ्यांना पेट्या टेकल्या होत्या, थंडगार. समोरच्या पाळण्यात अध्यक्ष डोळे मिटून बसला होता. काकू हंड्याला मिठी मारून काहीतरी पुटपुटत होत्या. एकाही दुकानदाराची नजर दुसऱ्याच्या नजरेला भिडत नव्हती.

चाक वर वर गेलं. छपरं दिसली, शटरं दिसली, सगळी उघडी. भिंतीशी गर्दी टाळ्या वाजवत होती. मग कुठेतरी खाली, खोल, दगडावर दगड सरकावा तसा आवाज झाला आणि चाक थांबलं. कुलूपवाल्याचा पाळणा अगदी माथ्यावर होता, हळूहळू झुलत.

"आजोबा!" भिंतीपासून आवाज आला. "झालं? आता मी?"

त्याने तळहात पसरून हात वर केला, थांब म्हणून. मग दांड्यावरून वाकून खाली पाहिलं. फिटर फटीशी उकिडवा बसला होता. त्याचा हात जमिनीवर होता आणि तो अजून मान वर करत नव्हता.

कुलूपवाल्याने हात तसाच वर धरून ठेवला.