दुसऱ्या मजल्यावरची यादी

मोफत वकील देणाऱ्या सरकारी कार्यालयात फौजदारीची खिडकी तळमजल्यावर आहे, दिवाणीची दुसऱ्या मजल्यावर. दिवाणीच्या यादीत माझा नंबर दोनशे चौदा होता. चार महिन्यांनी तो दोनशे नऊ झाला.

"म्हणजे अजून किती दिवस?" मी कारकुनाला विचारलं.

"गणित तुम्हीच करा ताई."

"केलं. चौदा वर्षं."

"आणि भाची केवढी आहे?"

"आठची."

"मग काळजी कसली? तोवर ती स्वतःच वकील होऊन येईल की!" तो हसला, पण मी हसले नाही तसा वरमला. "यंदाचा आदेशच तसा आहे. पैसा आधी कोठडीतल्यांना, मग ज्यांच्यावर गुन्हा आहे त्यांना. उरलंसुरलं वर येतं. आमच्या वाट्याला दोन वकील आलेत, त्यातल्या एक बाळंतपणाच्या रजेवर. आणि खरं सांगू का, हे चूकही नाही. खालच्या माणसाला गज दिसत असतात."

ते मलाही पटत होतं. म्हणून मी भांडले नाही.

माझी थोरली बहीण गेली तेव्हा तिची टिल्ली दोन वर्षांची होती. भाऊजी जहाजावर नोकरीला, म्हणून ती माझ्याकडे राहिली. सहा वर्षांनी भाऊजी नवीन संसार थाटून परतले आणि तिला घेऊन गेले. ते तिचे वडील आहेत, त्यात वाद नाही. पण मला तिला भेटू देईनात. कागदावर मी तिची कोणीच नव्हते. कोणीतरी होण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि अर्जाला वकील लागतो.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. टिल्लीचे डोळे दर सहा महिन्यांनी मीच तिथे तपासून घ्यायची. नंबर वाढला की ती कोणाला सांगत नाही, नुसती वही नाकाजवळ नेते. तपासणीचा महिना आला आणि उलटायला लागला. शेवटी एका दुपारी मी तिच्या शाळेत गेले.

"टिल्लीच्या मावशी! बऱ्याच दिवसांनी?" फाटकावरचा पहारेकरी म्हणाला.

"डोळे तपासायला नेते."

"न्या की."

त्याला काही माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. वहीत सही केली, बारा दहाला. नात्याच्या रकान्यात 'मावशी' लिहिलं. एक पन्नासला तिला परत सोडलं. नंबर पाऊणने वाढला होता. वाटेत तिने एवढंच विचारलं, "माझी उशी आहे ना गं अजून?" मी म्हटलं, "आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मला पोलीस ठाण्यात नेलं. पुरावा म्हणून टेबलावर शाळेची वही होती. अक्षर माझंच, नीट आणि सुवाच्य. अकरा वाजता बगलेत चार फायली धरून एक तरुण बाई धापा टाकत आली.

"मी तुमची वकील. सरकारने दिलेली. पैसे द्यायचे नाहीत."

मला हसू आलं.

"हसताय काय ताई? अपहरणाचं कलम आहे!"

"काही नाही. मला वाटलं होतं चौदा वर्षं लागतील."

हुशार होती. तीन वाजता कोर्टात जामीन झाला. अट एकच, मुलीच्या आणि शाळेच्या जवळ जायचं नाही.

"आता माझा वरचा अर्जही तुम्हीच करा ना," पायऱ्या उतरताना मी म्हटलं.

"मला पैसे फौजदारीचे मिळतात. वरच्या मजल्यासाठी एक ओळ जरी लिहिली, तरी साहेब माझं बिल परत पाठवतील."

तीन आठवड्यांनी ती दुकानात आली. भाऊजी तक्रार मागे घ्यायला तयार होते. बदल्यात मी यादीतलं नाव काढून घ्यायचं, तसं लेखी द्यायचं.

"घ्या काढून. सुटाल एकदाच्या."

"नाही."

"मग खटला चालणार. मुलीला साक्षीला आणतील."

"कधी?" मी इतक्या घाईने विचारलं, की तिने फाईल मिटून माझ्याकडे पाहिलं.

"पुढच्या महिन्यात. दहा-पंधरा मिनिटं. तुम्ही समोरच असाल."

पुढचे आठ दिवस मी ती पंधरा मिनिटं घेऊन जगले. टिल्लीच्या वेण्या आता कोण घालत असेल, पुढचा दात आला असेल का. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून एक जोडी काचा वाया गेल्या. मग हळूहळू तिला विचारले जातील ते प्रश्न ऐकू यायला लागले. मावशीने हात धरून ओढलं का? तुला जायचं होतं का? एका बाजूला बाबा बसलेले, एका बाजूला मी. ती काहीही म्हणाली तरी ते उत्तर घेऊन तिलाच घरी जायचं होतं.

मी वकीलबाईंकडे गेले. "मी न विचारता नेलं, असं लिहा. मला मान्य आहे. तिला बोलायला लावू नका."

"वेड लागलंय का ताई? कबुली दिलीत तर उद्या दिवाणी न्यायाधीश आधी तोच कागद बघेल."

"यादीतलं नाव राहील ना?"

"राहील."

"मग लिहा."

"ती दिसायची नाही तुम्हाला."

"माहीत आहे."

तिने पेनाचं टोपण काढलं.

सुनावणी चार मिनिटं चालली. वर्षभर चांगल्या वागणुकीच्या हमीवर मला सोडलं. वकीलबाई माझ्या पाठीवर हात ठेवून पुढच्या फाईलकडे वळल्या. मला निघता येईना. साक्षीदाराची जागा रिकामी होती. खाली फळीचा चौथरा, पुढे लाकडी कठडा. मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि हाताने अंदाज घेतला. डोळे तपासले त्या दुपारी टिल्ली माझ्या खांद्याला लागत होती.

"बाई, तुमचं झालं ना?" शिपायाने विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

कठडा तिच्या हनुवटीपाशी आला असता. चेहरा पूर्ण दिसला असता.